अधिक-उणे

प्रत्येक ड्रॉइंगवर मापाच्या शेजारी
बारीक अक्षरात लिहिलेलं असतं :
अधिक-उणे दोन शतांश.
एवढं चुकलं तर चालतं.
चालतं म्हणजे काय, तेवढी जागा ठेवावीच लागते,
नाहीतर शाफ्ट बेअरिंगमध्ये बसणार नाही
आणि उद्यमनगरातली एकही शेड फिरणार नाही.

सत्तावीस वर्षं मी हे पोरांना शिकवतोय.
हजेरीकार्डावर मात्र
हा रकाना कुणी छापला नव्हता.

सर्जेराव पोवार तीन महिन्यांनी केंद्रातून परत आला
तो मंगळवार होता, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचा.
कित्येक वर्षांत त्याचा मंगळवार
आमच्याकडे उगवलाच नव्हता.
डबा छातीशी धरून गेटवर उभा,
पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखा.
कुणी बोलेना.
बंडानं ‘काय पावशेर’ म्हणायला तोंड उघडलं
तेवढ्यात स्टोअरमधल्या रेहाना मुल्लाणीनं
ग्रीसचा डबा बंडाच्या हातात कोंबला,
“ह्याचं झाकण निघंना बघ जरा.”

मालक म्हणाले, पॅकिंगला बसवा, हात कापतायत.
सर्जेराव म्हणाला, “बसतो. पण हातगाडी बी ओढू द्या.
दमलो की झोप लागती.”
झोप लागत नाही, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.
आम्हाला वाटायचं, दारू सुटली म्हणजे
फक्त दारू सुटली.

गुरुवारी पाचला तो मीटिंगला जायचा, शाहूपुरीत.
मी मस्टरात कारण लिहायचो : दवाखाना.
एकदा त्यानं पेन मागितलं, ते खोडलं,
स्वतःच्या वाकड्या अक्षरात ‘मीटिंग’ लिहिलं.
“लपवायचं काम मी लई वर्षं केलंय, फोरमन.
आता तुम्ही नका करू.”

दहा तारखेला मोठ्या शहाणपणानं
मी पगाराचं पाकीट त्याच्या बायकोला दिलं.
तो गप्प.
संध्याकाळी शैलाच ते परत घेऊन आली.
“त्यांच्या हातात द्या. मी दारात थांबते.”

थंडीत एकदा फोन आला.
“कावळा नाक्यावर हाय, दुकानासमोर.
मशीनवर जॉब लावून आलोय, तेवढा बघा.”
मी मोटारसायकल काढली.
पोचेपर्यंत तो आत जाऊन आला होता.
वास आला.
ट्रकच्या धुरात उभा राहून मी आठवत राहिलो,
उणे म्हणजे किती उणे, आणि हे ठरवतं कोण,
ड्रॉइंग कुणी काढलं?

मगदूमशेठ त्या रात्री वही उघडून बराच वेळ बसले.
दहा दिवसांची रजा मांडली, अर्ध्या पगाराची.
“धंदा आहे, देऊळ नव्हे,” म्हणाले.
मग उठता उठता,
“लेथ त्याचीच राहू दे. वर कापड टाका, धूळ बसती.”
अकराव्या दिवशी ते कापड
त्यानं घडी घालून खिशात ठेवलं.

आता एक राहिलंय, ते सांगतो.
खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा,
आणि दिवस कलला की पत्र्यामागं बैठक,
ही आमच्या शेडची जुनी रीत.
सोळा वर्षांपूर्वी एका नव्या पोराला
“घे, घे, आता कामगार झालास”
म्हणून पहिला ग्लास भरून देणारा हात
हाच, मायक्रोमीटर धरणारा.

यंदा बैठक ठेवली नाही.
चौघं रुसून शेजारच्या शेडात गेले,
त्यांच्या हसण्याचा आवाज पत्र्यातून येत होता.
आम्ही भाजलेल्या शेंगा घेऊन बसलो, तो आणि मी,
मध्ये टरफलांचा ढीग.
मी सांगितलं. त्या ग्लासाचं.
तो शेंग फोडत राहिला.
“म्हायती हाय,” म्हणाला.
पलीकडे कुणीतरी ग्लास आपटला, तो तिकडं बघत राहिला,
जरा जास्तच वेळ.
मग म्हणाला, “उद्या कटिंग ऑईल मागवा.
माझ्या मशीनचं तळाला गेलंय.”